खिळ्यावरची किल्ली

६ जानेवारी

भाऊजी,

नऊ वर्षांनी माझं पत्र बघून गहिवरून यायचं कारण नाही. माफी मागायला लिहीत नाही आणि तुम्ही मागावी म्हणूनही नाही. ती वेळ गेली. कामाचं लिहिते.

किल्ली परत पाठवा.

कुठली म्हणून विचारू नका. काळ्या सिलिंडरची, ऑक्सिजनची. आपल्या वर्कशॉपात दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची ती. तुम्ही घर सोडून गेलात त्या संध्याकाळी खिळा रिकामा होता. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, बघा तुमचा धाकटा, जाता जाता किल्लीसुद्धा घेऊन गेला. हे काही बोलले नाहीत. डोळ्याला पट्टी आहे म्हणून बोलत नसतील असं तेव्हा वाटलं. पण तोंडाला कुठे पट्टी होती?

कशाला हवी ते आधीच सांगते. दवाखान्याच्या चाळीस खाटा आल्यात दुरुस्तीला. पातळ पाइपाच्या, सगळ्या पायाशी तुटलेल्या. शेजारी एकाने इलेक्ट्रिक वेल्डिंगचं दुकान टाकलंय, मी त्याला ठिणगीवाला म्हणते. त्याने दोन खाटा करून बघितल्या आणि पाइपाला भोकं पाडून परत दिल्या. पातळ पाइपाला गॅसची ज्योत आणि पितळेची कांडीच लागते, हे मला कुणी शिकवायला नको. तुम्ही दोघं भाऊ बाहेर कामाला गेलात की मागे आलेलं गिऱ्हाईक कोण करून द्यायचं? मीच ना? दवाखान्याच्या स्टोअरकीपरला मी शब्द दिलाय, महिनाअखेरपर्यंत खाटा उभ्या करून देते. तो हसला. हसू दे. ह्यांची कारखान्याच्या फाटकावरची नोकरी मार्चपर्यंतच आहे, कारखाना ते फाटकच बंद करतोय. आणि शिलाईचं म्हणाल तर लोक आता कपडे तयार घेतात, माझ्याकडे फक्त चेन बदलायला येतात. हे काम मला जमलं तर दवाखान्याचं पुढचंही मिळेल. नाही जमलं तर आम्ही दोघं समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत बसायचं, ते पण तीन डोळ्यांनी.

गॅसचा सेट चांगला आहे. चांगला काय, आरशासारखा आहे. नऊ वर्षं पडून होता असं कुणी म्हणणार नाही. डोळ्यात तेल घालून सांभाळलाय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खाली काढते, पुसते, परत ठेवते. एकूणएक नट लोण्यासारखा फिरतो. तुमच्या वेळेला गंज चढायचा. माझ्या हाताखाली नाही चढत.

फक्त किल्ली नाही.

तुम्हाला लिहितेय हे ह्यांना माहीत नाही. हे एकच म्हणतात, भंगारात दे. टपाल दुपारी येतं तेव्हा हे फाटकावर असतात, म्हणून बिनधास्त लिहा. फोन मात्र करू नका. फोनवर माणूस शब्द फिरवतो. कागदावर लिहिलंत की माझ्यापाशी राहील.

वहिनी

हा कागद मापाच्या वहीतला आहे. मागे कुणाच्या तरी बाहीचं माप आहे, ते तुमच्यासाठी नाही.


१५ जानेवारी

भाऊजी,

पत्र मिळालं. किल्ली तुमच्याकडे नाही, कधीच नव्हती, असं लिहिलंत. बरं. मी काय तुमच्या घराची झडती घ्यायला येणार आहे?

मी मागितली एक किल्ली आणि तुम्ही पाठवलेत सात प्रश्न. पोलिसात लागलात का? बाई गॅस पेटवणार म्हटलं की ज्याला त्याला प्रश्न सुचतात. तरी उत्तरं देते, नाहीतर म्हणाल चौथी शिकलेल्या वहिनीला वाचता आलं नाही.

नळ्या चांगल्या आहेत, लाल पण आणि निळी पण. सिलिंडर दोन्ही उभेच आहेत, साखळीने भिंतीला बांधलेले, तुम्ही सोडलेत तसे. मानेवर तपासणीचं साल ठोकलेलं असतं ते बघायला सांगितलंत. बघितलं. जुनं आहे. नऊ वर्षांपूर्वी भरलेल्या सिलिंडरवर पुढच्या वर्षाचं साल कसं येईल? ज्योत निघते त्या टॉर्चच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, ते मी सुईने कोरून काढलं. रेग्युलेटर म्हणाल तर त्या दिवशी फुटला तो फुटला, जादाचा एक कपाटात होता तो आहे. काटा शून्यावर आहे. आतलं रबर वाळलंय का ते मला कसं दिसणार? मी काय क्ष-किरण आहे?

तेल किंवा ग्रीस कुणी कुठे लावलंय का, ह्या प्रश्नाखाली तुम्ही दोन रेघा मारल्यात. नाही. झालं समाधान?

आणि समजा लावलं असतं तरी काय मोठा गुन्हा? लोखंड-पितळेला तेल लावतातच. माझ्या शिलाई मशीनला वीस वर्षं तेल देतेय, अजून कुरकुर नाही. पण तुम्ही रेघा मारल्यात म्हणजे काहीतरी शोधताय. मला शब्दात पकडायला बघत असाल तर आधीच सांगते, मी सापडणार नाही.

शेवटचा प्रश्न मात्र मी तीनदा वाचला. पेटवताना दादा समोर उभा राहणार नाही ना. हे लिहिताना तुमचा हात कसा चालला? समोर उभे होते म्हणूनच डोळा गेला ना ह्यांचा? मी आतल्या दारात होते, सगळं दिसत होतं. हे रेग्युलेटरच्या पुढे, तुम्ही सिलिंडरच्या बाजूला. किल्ली तुमच्या हातात. तुम्ही ती फिरवलीत आणि बंदुकीसारखा आवाज झाला, आगीची जीभ बाहेर आली, आणि रेग्युलेटरच्या घड्याळाची काच ह्यांच्या तोंडावर. किल्ली झटक्याने फिरवली हे तुम्ही स्वतः कबूल केलंत, चार माणसं उभी असताना. मी बोलायच्या आधी. आता नऊ वर्षांनी मला शिकवताय कुणी कुठे उभं राहायचं?

किल्ली नसेल तर नाही म्हणा, शिकवणी नको.

वहिनी


२३ जानेवारी

भाऊजी,

आता मला तुमचा डाव कळला.

परवा तुमचं पत्र आलं. लिहिता काय, तर काही जोडू नका, काही उघडू नका. नळ्या दिसायला कशाही असल्या तरी फेका, मी नव्या पाठवतो. जुने सिलिंडर न उघडता गॅसवाल्याला परत करा, भरलेले दुसरे घ्या. टॉर्चचं तोंड सुईने कोरलंत तर भोक मोठं झालं असेल, तेही बदला. आणि रेग्युलेटर मला कुरिअरने पाठवा, मी बघून परत देतो. वा! म्हणजे सगळा सेट एकेक करून तुमच्याकडे, आणि माझ्याकडे काय? खिळा.

आणि काल, बरोबर दुसऱ्याच दिवशी, दारात भंगारवाला.

"वहिनी, गॅसचा सेट काढायचाय ना?"

"कुणी सांगितलं?"

"असं कानावर आलं."

"कुणाच्या तोंडातून निघून तुमच्या कानावर आलं?"

"ते नाही सांगता येणार. बोलू नको म्हणालेत."

"मग गाडी फिरवा."

"सिलिंडर नकोत हं, ते गॅसवाल्याचे असतात. नुसता बाकीचा. आजच्या आज नेतो, तुम्हाला हातसुद्धा लावायला नको."

नऊ वर्षं ह्या गल्लीत भंगारवाला येतोय, कधी माझ्या दारात थांबला नाही. तुम्हाला पत्र गेलं आणि थांबला. मला काय दुधखुळी समजता? तुम्ही दुसरीकडे दुकान टाकलंय हे मला माहीत आहे. सेट हवा असेल तर तोंड उघडून मागा. माणसं पाठवू नका.

आता एक गोष्ट लिहिते, उगाच मागून कळायला नको. नळ्या चांगल्या आहेत असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात म्हणून दुमडून बघितल्या. दुमडीत बारीक भेगा पडल्यात, सुकलेल्या मातीसारख्या. निळी तर टोकाला हातात तुटून आली. वरून कशी छान दिसत होती. तर ते एक तुमचं बरोबर निघालं. एकच.

आणखी एक. गेल्या गुरुवारी मी रेग्युलेटर सिलिंडरला जोडला होता, नुसतं बघायला. किल्ली नाही तर पक्कडने बघू म्हटलं. पक्कड लावून जोर केला, जराशी हलल्यासारखी वाटली, तेवढ्यात हे दारात. पिशवी नेली पण त्यात डबा घालायला विसरले, म्हणून परत आले होते. "लांब हो!" असे ओरडले भाऊजी, की ठिणगीवाला काम टाकून धावत आला. पंचवीस वर्षांच्या संसारात ह्यांचा असा आवाज मी ऐकला नाही. मला बाजूला ढकललं, रेग्युलेटर सोडवला, कपाटात टाकला, कपाटाला कुलूप. मी म्हटलं, एवढी भीती? तर म्हणाले, "हो, एवढीच." आणि गेले. डबा तसाच राहिला.

डोळा गेलेल्या माणसाला भीती वाटणारच. कुलपाची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे हे ह्यांना माहीत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की केसांना तेल लावून त्या खोलीत जाऊ नका, हात साबणाने धुवा. दोघं भाऊ एकाच मुशीतले. हे पण पूर्वी माझ्यावर असेच खेकसायचे, "तेलाचा हात लांब ठेव." गिऱ्हाइकासमोर. जसं काही मी मळकी आहे. म्हणून तर मी त्या सेटला हात लावायचे तो तुम्ही दोघं नसताना.

रेग्युलेटर पाठवणार नाही. किल्ली मी बाजारातून आणीन. मिळते, मला माहीत आहे.

वहिनी


२९ जानेवारी

भाऊजी,

गॅसच्या दुकानात गेले होते. म्हातारे आहेत दुकानात, मान हलते पण हात नाही हलत. किल्ली मागितली. म्हणाले, कशाला, किती जुना सेट, कुणी तपासला? तुमचेच सगळे प्रश्न. मला वाटलं तुम्ही इथेपण आधी सांगून ठेवलंय की काय. मग म्हटलं दाखवूनच टाकू. रेग्युलेटर फडक्यात गुंडाळून नेला होता, तो काढून काउंटरवर ठेवला. अशी चमक त्यांनी पाहिली नसेल असं मनात आलं.

त्यांनी हात नाही लावला आधी. नुसतं बघितलं.

"इतका चमकतो कशाने?"

"पुसते मी."

मग एक बोट नटावर फिरवलं, अंगठ्याला चोळलं, वास घेतला. रेग्युलेटर असा बाजूला सरकवला, जसा विंचूच. मागे नळावर जाऊन साबणाने हात धुतले, पुसले, आणि मग बोलले.

"तेल कुणी लावलं?"

"शेजारणीने."

"शेजारीण हयात आहे?"

"आहे."

"मग तिचं नशीब बघायला यायला पाहिजे एकदा."

मला राग आला. मी म्हटलं, आजोबा, तेलाने काय होतं ते सरळ सांगा, कोडी घालू नका. मग त्यांनी सांगितलं. ते म्हणाले तसं लिहिते. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन दाबून दाबून भरलेला असतो. किल्ली फिरली की तो ह्या बारक्या वाटेत धडकतो आणि तापतो. वाटेत तेलाचा थेंब बसलेला असला की काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. तेल आपणहून पेटतं, आणि मग आतलं सगळंच पेटतं. काच उडते ती समोरच्याच्या तोंडावर.

मी विचारलं, किती तेल लागतं?

"दोन थेंब पुष्कळ झाले."

मी विचारलं, किल्ली हळू फिरवली असती तर?

म्हणाले, "हळूच फिरवायची असते, आणि बाजूला उभं राहूनच. पण तेल असेल तर हळूपणाचा काय भरवसा? आणि बाई, असती-नसती असं का विचारताय? झालंय का कुठे?"

मी म्हटलं, नाही. असंच विचारलं.

रेग्युलेटर मी परत नाही आणला. तुमच्याकडेच ठेवा म्हटलं. किल्लीपण नाही आणली.

एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे, दुसरं काही लिहू नका. जो फुटला त्या रेग्युलेटरला त्या दिवशी तेल होतं का? हो किंवा नाही. मी का विचारते ते विचारू नका.

वहिनी


१ फेब्रुवारी, रविवार सकाळ

भाऊजी,

हे पत्र टाकणार नाही. तरी लिहिते, कारण डोक्यात राहिलं तर शिवणसुद्धा वाकडी येतेय.

फुटला त्याच्या आदल्या दिवशी. रेग्युलेटर सिलिंडरला बसवायचा मोठा नट अडकत होता, करकर करत होता. हे पाना लावून लावून वैतागले होते, पान्यालाही शिव्या देत होते आणि तुम्हालाही. मग उद्या बघू म्हणून तुम्ही दोघं हातपाय धुवायला गेलात. मी शिलाई मशीनची तेलाची बुधली घेऊन गेले. नटावर दोन थेंब टाकले. एक आतल्या बाजूलाही टाकला. पाना लावून फिरवून बघितला. असा फिरला म्हणून सांगू, जसा नवा. मला इतकं बरं वाटलं. वाटलं, उद्या म्हणतील, हे कुणी केलं? तेव्हा सांगेन, जिला लांब हो म्हणता तिने.

सकाळी कुणी म्हणालंच नाही. घाई होती.

नऊ वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. देवाशपथ नाही. मी कधी खोटं लिहिलं असेल तुम्हाला, पण हे नाही. मी तर त्यानंतर आणखी जपून तेल द्यायला लागले. म्हटलं, ह्यांचा डोळा गेला, निदान वस्तू तरी जाऊ नये. नऊ वर्षांतल्या पहिल्या रविवारांची बेरीज करायला घेतली आणि सोडून दिली.

आजही पहिला रविवार आहे. बुधली समोर आहे.


६ फेब्रुवारी

भाऊजी,

रविवारचं पत्र टाकणार नव्हते. ह्या पाकिटात आहे. आधी ते वाचा, मग हे.

त्या दिवशी मी नुसती बसून राहिले होते. दुपारी हे म्हणाले, "आज पहिला रविवार."

"माहीत आहे."

"मग बुधली घेऊन बसली नाहीस?"

"बुधलीचं तुम्हाला काय माहीत?"

"एका डोळ्याने दिसतं मला."

"नऊ वर्षं बघत होतात?"

"हो."

"आणि त्याच्या आदल्या दिवसाचं?"

हे खाली बसले. जमिनीवरच. म्हणाले, "ते नाही बघितलं. पण धाकट्याने नंतर सगळं गोळा केलं, तेव्हा पान्याला तेल लागलेलं होतं. शिलाईच्या तेलाचा वास. घरात ते एकाच माणसाकडे असतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तो म्हणाला, दादा, डोळा गेला तो गेला. आता वहिनीला सांगून तिचंही काहीतरी घालवू नकोस. किल्ली माझ्याच हातात होती, लोक म्हणतायत तर म्हणू दे."

"आणि तुम्ही म्हणू दिलंत?"

"तू इतक्या खात्रीने म्हणत होतीस."

खात्री माझी जुनीच आहे. तुमच्यावर, ह्यांच्यावर, भंगारवाल्यावर, म्हाताऱ्या गॅसवाल्यावर. एका बुधलीवर तेवढा संशय घेतला नाही.

भंगारवाला ह्यांनीच पाठवला होता. नुसतं पुसतेस, पेटवत नाहीस, म्हणून नऊ वर्षं बोललो नाही म्हणाले. पेटवायला निघालीस तेव्हा काय करावं सुचेना. मग उठले आणि डब्याची पिशवी आणली, कामावर नेतात ती. डब्याच्या खाली फडकं, फडक्यात किल्ली. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी ह्यांनी ती खिळ्यावरून काढली. नऊ वर्षं रोज सकाळी डब्याबरोबर फाटकावर नेली आणि रोज संध्याकाळी परत आणली, म्हणजे मी एकटी घरात असताना ती माझ्या हाताला लागू नये. आणि मी तुम्हाला चोर म्हणत होते. गल्लीतपण म्हटलंय. तुम्हाला ते माहीत असेलच, लोक पोचवतातच.

मी रडले नाही. हेच रडले, एका डोळ्याने. मी ओरडले. म्हटलं, नुसतं ओरडण्यापेक्षा त्या गुरुवारी एक वाक्य बोलायचं होतं! पक्कड जरा जास्त फिरली असती तर?

तुम्हालाही तेच ऐकवते. दोन रेघा मारल्यात, केसांच्या तेलाचं लिहिलंत, रेग्युलेटर पाठवा म्हणालात. आडून आडून. सरळ लिहायचं होतं, वहिनी, ऑक्सिजनला तेल लागलं तर मराल. माझ्या मनाला जपता जपता दोघांनी मिळून मला उडवलंच होतंत की. मन सांभाळायला माणूस शिल्लक तर राहिला पाहिजे. मला कुणी सरळ सांगत नाही, कारण मी कुणाचं सरळ ऐकत नाही. हे माझं मला कळतं. पण तरी सांगायचं.

आणि काल तुमचं उत्तर आलं. "नाही वहिनी. तेलबिल काही नव्हतं. किल्ली मी झटक्याने फिरवली. चूक माझी." एवढंच. रेघ नाही, काही नाही.

खोटं आहे हे. भाऊजी, नऊ वर्षं मी तुमच्यावर संशय घेतला, एकदाही बरोबर निघाला नाही. हा पहिला. ह्या कागदाची मी घडी घालून मापाच्या वहीत ठेवली आहे. पुरावा पाहिजे होता ना मला, हा घ्या म्हणावं पुरावा.

बरं, आता कामाचं. जुने दोन्ही सिलिंडर म्हाताऱ्यांनी न उघडता उचलून नेले. टॉर्च आणि बाकीचं जे मी चमकवलं होतं ते सगळं नेलं. मी म्हटलं, धुऊन नाही चालणार? तर नुसते बघायला लागले. नवा रेग्युलेटर आलाय, खोक्यात आहे, खोकं मी उघडलंसुद्धा नाही. नव्या नळ्या तुमच्या आल्यात. ज्योत उलटी नळीत शिरू नये म्हणून मध्ये बसवायचे तुकडेपण म्हाताऱ्यांनी दिलेत, तुमच्या वेळेला ते कुणी लावत नव्हतं. भरलेले सिलिंडर पुढच्या शुक्रवारी येतील. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघायचे, काडी ओढून बघायचं नाही, हे मला आता पाठ आहे. बुधली आतल्या खोलीत, शिलाई मशीनजवळ गेली. वर्कशॉपाच्या दाराशी साबण ठेवलाय. ठिणगीवाल्यालासुद्धा हात धुवायला लावते, तो म्हणतो, वहिनी, हे दुकान आहे की दवाखाना?

खाटांना पंधरा दिवस वाढवून घेतलेत. स्टोअरकीपर ह्या वेळेला हसला नाही. मी त्याला सगळं खरं सांगितलं, का थांबलं ते. बाहेरच्या माणसाला सांगणं सोपं असतं.

शनिवारी, चौदा तारखेला, सकाळी नऊला पेटवायचं. हे तुमची वाट बघतायत, पण तोंडाने म्हणणार नाहीत. तुम्हाला माहीत आहेत ते. पितळेची कांडी मी ओढणार, ते सोडणार नाही. पण आधी तुम्ही सगळं जोडून बघायचं. येणार नाही असं कळवू नका, कारण मी वाचणार नाही.

आणि यावंच लागेल. पाकीट जड लागलं असेल, त्यात किल्ली आहे. ह्यांनी पुसायला घेतली होती, मी हातातून काढून घेतली. साबणाने धुऊन, वाळवून, कोऱ्या कागदात गुंडाळून पाठवलीय. आता कुणी विचारलं तर छातीठोक सांगेन, किल्ली आमच्या भाऊजींकडे आहे.

घेऊन या. खिळा अजून तिथेच आहे.

वहिनी